मोदकचं वजन

मे महिन्यात आमच्या सोसायटीतली निम्मी घरं कुलूपबंद असतात. जाताना शेजारी किल्ली देऊन जातात, कुंड्यांना पाणी घाला म्हणून. गेल्या मेमध्ये माझ्याकडे किल्लीऐवजी पिंजरा आला. "काका, आठच दिवस. याला काही लागत नाही हो, दोन दाणे टाकले की झालं." तिसऱ्या मजल्यावरची ती बाई घाईत होती, खाली रिक्षा थांबलेली. मागे तिचा तिसरीतला मुलगा पाठीला दप्तर लावून उभा. "याचं नाव मोदक आहे," एवढंच तो म्हणाला आणि जिना उतरला.

मोदक म्हणजे पांढरा उंदीर, वाढदिवसाला भेट मिळालेला. घर कुणा पोपटाचं जुनं, तळाला तारेची जाळी. जाळीवर सतत चालून त्याच्या मागच्या तळव्यांना घट्टे पडले होते. खालच्या ट्रेमधला भुसा ओला होऊन थापीसारखा बसलेला. ट्रे ओढताच अमोनियाचा असा भपकारा आला की मी खिडकी उघडली. पाण्याची बाटली भरलेली होती. पण तिच्या नळीतली, चाटलं की पाणी सोडणारी गोळी गंजून अडकली होती, आणि बराच वेळ चाटल्यावर एखादा थेंब सुटत होता. बाहेरून बघणाऱ्याला बाटली भरलेलीच दिसणार. डोळ्यांभोवती आणि नाकाला लाल खपली धरली होती. "अधूनमधून रक्त येतं त्याला," असं बाई जाता जाता म्हणाली होती. ते रक्त नव्हतं. डोळ्यामागच्या ग्रंथीतून येणारा लालसर स्राव असतो तो, पॉर्फिरिन म्हणतात त्याला. धडधाकट उंदीर तो पंजांनी पुसून साफ करतो. पुसायचं सोडून देतो तेव्हा समजायचं की गडी आजारी आहे किंवा कंटाळून गेला आहे.

स्वयंपाकघरातल्या काट्यावर एका डब्यात बसवून मी त्याचं वजन केलं. २९० ग्रॅम. आठ-नऊ महिन्यांच्या नराचं वजन ४०० च्या पुढे असायला हवं.

हे मला कळतं, कारण एका औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयाच्या ॲनिमल हाऊसमध्ये, म्हणजे प्रयोगाचे प्राणी ठेवतात तिथे, मी २२ वर्षं नोकरी केली. भुसा बदलणं, पेलेट म्हणजे खाद्याच्या गोळ्या मोजून घालणं, बाटल्या धुणं, दर आठवड्याला वजनं घेऊन रजिस्टरात लिहिणं. आमच्याकडचे उंदीर विस्टार जातीचे. ही जात १९०६ च्या सुमारास अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात तयार झाली आणि तिथून जगभरच्या प्रयोगशाळांत पसरली. मोदकही त्याच भाऊबंदांतला असणार. प्रयोग संपल्यावर आमचे बहुतेक उंदीर मारले जात, आणि त्या कामाला माझाही हात लागलेला आहे. तेव्हा हा लेख कुणा निर्मळ प्राणिप्रेमी माणसाचा आहे असं समजू नये.

पण त्या नोकरीतून आलेला एक हिशेब डोक्यातून जात नाही. आमच्याकडे प्रयोगाला आधी नैतिक समितीची मंजुरी लागे. केंद्र सरकारची समिती आहे, तिच्या मार्गदर्शक सूचनांत उंदराच्या वजनाप्रमाणे पिंजऱ्याची जागा ठरवून दिली आहे. खोलीचं तापमान १८ ते २९ अंशांच्या आत, हवेतला दमटपणा ३० ते ७० टक्के. एसी बंद पडला की आमचे सर रात्री अकराला फोन करत. म्हणजे ज्या उंदराचं मरण वेळापत्रकात लिहिलेलं आहे, त्याची जागा सरकार पट्टीने मोजतं. लाडाने आणलेला उंदीर मात्र एप्रिल-मेच्या उन्हात गॅलरीत, पश्चिमेच्या भिंतीला टेकवलेल्या पिंजऱ्यात. उंदराला आपल्यासारखा घाम येत नाही. अंगातली उष्णता तो बरीचशी शेपटीतून बाहेर टाकतो. चाळीस अंशांत त्या शेपटीने किती उष्णता टाकावी?

तिसऱ्या मजल्यावरची माणसं दुष्ट नाहीत, हे आधी सांगायला हवं. कोविडच्या काळात जिन्यातल्या म्हाताऱ्यांची औषधं याच घरातून आणली गेली होती. ती सगळी कोकणातून परतल्यावर मला काय काय दिसलं ते मी त्यांना सांगितलं, तेव्हा त्या बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. "एवढं असतं होय?" असं तिने विचारलं, आणि ते खरंच विचारलं. मुलाचे वडील म्हणाले, "आम्ही त्याला आधीच बजावलं होतं. तू सांभाळणार असशील तरच आणू. त्याने तसं प्रॉमिस केलं होतं. मुलांना जबाबदारी कळायला हवी ना, काका."

माझं भांडण या शेवटच्या वाक्याशी आहे.

मुलाला जबाबदारी शिकवायला म्हणून जो प्राणी घरात आणला जातो, त्याची हेळसांड तो घरात येतो त्याच दिवशी सुरू होते. कारण त्या दिवशी घरातली मोठी माणसं त्याच्यावरची नजर काढून घेतात, आणि तेही चांगल्या हेतूने. आई म्हणते, मी नाही भुसा बदलणार, त्यानेच बदलला पाहिजे. वडील म्हणतात, बघू किती दिवस करतोय. हा धडा मुलाचा, पण चुकला की भुर्दंड उंदराला. गणितात मुलगा चुकला तर वहीवर लाल फुली पडते. इथे पाणी मिळत नाही.

आणि त्या प्रॉमिसचं वजन तरी किती? आपला करार कायदा १८७२ चा. १८ वर्षांखालच्या माणसाला कायद्याच्या मराठीत 'अज्ञान' म्हणतात, आणि अज्ञानाशी केलेला करार हा करारच मानला जात नाही. आठ वर्षांच्या मुलाने सही केली म्हणून त्याच्याकडून कुणी शंभर रुपयेही वसूल करू शकत नाही. त्याच मुलाच्या तोंडी शब्दावर आपण एका जिवाची दोन-तीन वर्षं टाकतो, कारण पांढरा उंदीर साधारण तेवढाच जगतो. मुलाने शब्द मोडला असं मी म्हणणार नाही. आठ वर्षांच्या मुलाला सहा महिन्यांनंतरचा आपण दिसतच नसतो.

ब्रिटनने ही गोष्ट कायद्यात सरळ लिहून टाकली आहे. तिथल्या २००६ च्या प्राणी कल्याण कायद्यानुसार १६ वर्षांखालच्या मुलाला प्राणी विकता येत नाही, आणि मुलाच्या ताब्यात असलेल्या प्राण्याची जबाबदारी मुलाच्या पालकांची धरली जाते. 'तो मुलाचा आहे' हे उत्तर तिथे चालत नाही. स्वित्झर्लंडमध्ये गिनीपिगसारखे कळपाने राहणारे प्राणी एकटे ठेवायला मनाई आहे. हे वाचून आपल्याकडे हसतात. मीही पूर्वी हसलो होतो.

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ मध्ये आपल्या प्राण्याला पुरेसं अन्नपाणी न देणं, त्याला नीट हालताही येऊ नये अशा पिंजऱ्यात ठेवणं, कारण नसताना त्याला सोडून देणं, हे सगळे गुन्हे आहेत. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. १९६० साली ही रक्कम डोळ्यांत भरत असेल; आज तेवढ्यात वडापाव आणि चहा येतो. २०१८ साली पेट शॉपसाठी नियम आले. त्यात पाळीव प्राण्यांच्या व्याख्येत कुत्रा, मांजर, ससा यांच्याबरोबर हॅमस्टर आणि उंदीरही चक्क नाव घेऊन आहेत, आणि दुकानाला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. कागदावर उंदीर नागरिक झाला म्हणायचा. पण बैलगाडा शर्यतीवर आपण सुप्रीम कोर्टापर्यंत भांडलो, दोन्ही बाजूंनी गळा काढला. पिंजऱ्यातल्या उंदरासाठी कुणी तलाठ्याकडेसुद्धा गेलं नसेल. शेजाऱ्याच्या मुलाच्या उंदरावरून पोलिसांत जावं असं मलाही वाटत नाही. जिथे पोलीस पोचू नयेत अशा जागी माणसांनीच नीट वागायचं असतं.

"याला काही लागत नाही" या वाक्याकडे परत येतो, कारण सगळी गोम तिथे आहे. उंदराला काय लागतं? आधी सोबत लागते. पांढरा उंदीर कळपातला प्राणी आहे. दुसऱ्याच्या अंगावर झोपतो, दुसऱ्याची मान चाटून साफ करतो, आपल्याला ऐकू न येणाऱ्या उंच आवाजात बोलतो. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. एक उंदीर नळकांड्यात अडकवला आणि दुसरा बाहेर मोकळा ठेवला. मोकळ्याने दार उघडायचं तंत्र शोधून काढलं आणि अडकलेल्याला बाहेर काढलं. शेजारी चॉकलेट ठेवलं तरी अनेकांनी सोबत्याला सोडवलं आणि चॉकलेट वाटून खाल्लं. असा प्राणी दुकानातून आपण एकटा आणतो, कारण दोन म्हणजे जास्त घाण.

उलट सीरियन हॅमस्टर पक्का एकलकोंडा. मोठे झालेले दोन हॅमस्टर एका पिंजऱ्यात ठेवले तर एकमेकांना फाडतात. आणि ते मात्र दुकानातून हमखास 'जोडी' म्हणून दिले जातात, कारण जोडी गोड दिसते. सकाळी एक रक्तबंबाळ सापडला की मूल घाबरतं, आणि घरात ठरतं की प्राणी नकोच. उंदीर दोन आणावेत तर तेही नर कोणता, मादी कोणती हे ओळखून. मादी २१ ते २३ दिवसांत विते, एका वेळी आठ-दहा पिल्लं होतात, आणि ती पिल्लं पाच-सहा आठवड्यांत स्वतः वयात येतात. ॲनिमल हाऊसमध्ये आमच्या एका नव्या पोराने एकदा नर-मादी वेगळं करताना चूक केली होती. त्या महिन्याचं रजिस्टर बघायला हवं होतं तुम्ही.

मग कोरडा भुसा लागतो, नाहीतर मुताचा अमोनिया फुप्फुसं खातो; या जातीची छाती मुळातच नाजूक असते. कुरतडायला लाकूड लागतं, कारण पुढचे दात जन्मभर वाढत राहतात. लपायला बीळ लागतं, पुठ्ठ्याचं खोकंही चालतं. रोज थोडा वेळ पिंजऱ्याबाहेर फिरणं लागतं. आणि डॉक्टर लागतो. इथे भल्याभल्यांची पंचाईत होते. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गाय, म्हैस, शेळी. शहरातल्या क्लिनिकमध्ये कुत्रा, मांजर. मुंबईत परळला बाई साकरबाईंचं प्राण्यांचं मोठं इस्पितळ तरी आहे. लहान गावात उंदीर घेऊन गेलात तर कंपाउंडर तुमच्या तोंडाकडे बघतो. शिवाय डॉक्टरांची फी उंदराच्या किमतीपेक्षा जास्त होते, आणि घरात कुणीतरी बोलून जातं: एवढ्यात दोन नवे येतील. मुलं हे वाक्य ऐकतात. जबाबदारीवरच्या दहा भाषणांपेक्षा ते त्यांच्या जास्त लक्षात राहतं.

ऐकण्याचंच घ्या. मोदकच्या घरी मी एकदा सकाळी चहाला गेलो होतो, तेव्हा ओट्याखाली चिकट पुठ्ठा लावलेला होता. रॅट पॅड म्हणतात त्याला. रात्री गटारातला एक उंदीर त्यावर चिकटला होता आणि अजून जिवंत होता, चिरकत होता. गॅलरीत मोदक, ओट्याखाली हा. मुलगा दोघांच्या मधे उभा राहून दूध पीत होता. उंदीर मारू नयेत असं मी म्हणत नाही. १८९६ मध्ये मुंबईत आणि पुढच्या वर्षी पुण्यात प्लेगने काय केलं हे या मातीला माहीत आहे, आणि पावसाळ्यात लेप्टो, उंदराच्या मुतातून पसरणारा ताप, अजूनही माणसं मारतो. मुंबई महापालिका रात्रपाळीला माणसं लावून उंदीर मारते, तेही गरजेचं काम आहे. पण एका झटक्यात मारणं वेगळं, आणि रात्रभर पुठ्ठ्यावर चिकटवून सकाळी कचऱ्यात टाकणं वेगळं. त्या मुलाला हा फरक कोण सांगणार होतं? भाद्रपदात त्याच घरात गणपतीच्या पायाशी मातीचा मूषक येतो, त्याच्या हातात लाडू असतो, आणि मुलाला सांगितलं जातं की काही मागायचं असेल तर त्याच्या कानात सांग. या तिन्ही उंदरांची सांगड मुलं आपापली घालतात, आणि आपल्याला वाटतं तशी घालत नाहीत.

हे बोलायला लागलो की माझ्या वयाची माणसं एक गोष्ट हटकून काढतात. आमच्या लहानपणी आम्ही गुरं राखत होतो, शेण काढत होतो, आठ वर्षांचं पोरगं दहा जनावरं माळावर नेत होतं. आजच्या मुलाला एक उंदीर झेपू नये? मीही गावचाच आहे. आमच्याकडे गुरांना वैरण पडल्याशिवाय माणसं जेवायला बसत नसत. पण तिथे गाय पोराची नव्हती, घराची होती. सांजेला ती पावशेर दूध कमी द्यायची की आजी विचारायची, आज हिला कुठे नेली होतीस? बैल लंगडला तर पेरणी अडायची. जनावराच्या पोटाशी घराचं पोट बांधलेलं होतं, म्हणून मोठ्यांची नजर त्याच्यावरून ढळत नव्हती. पोर फक्त हाताखाली काम करायचं. उंदीर उपाशी राहिला तर घरात काहीच कमी पडत नाही. दूध नाही, पेरणी नाही, भुंकणं नाही. तो गुपचूप कोपऱ्यात बसतो, आणि आजारी उंदराची तर खोडच ही की तो आजार लपवतो. शिकारीच्या तोंडचा प्राणी आहे तो. शिवाय तो जुना गोठा काही देवघर नव्हता. पोळ्याला शिंगं रंगवून पुरणपोळी भरवणारा हात दुसऱ्या दिवशी बैलाला आर टोचायचा, आणि नको असलेली मांजरीची पिल्लं पोत्यात घालून ओढ्यापलीकडे सोडायला आम्हा पोरांनाच पाठवत.

ते सोडून येणं अजून चालू आहे, आता ओढ्याऐवजी टेकडी असते. "कंटाळला होता बिचारा, टेकडीवर मोकळा सोडला." पांढरा उंदीर, पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात वाढलेला, लाल डोळ्यांचा असेल तर नजरही अधू. कावळ्याला तो पन्नास फुटांवरून दिसतो. मोकळा होतो खरा, फार तर तासाभरासाठी.

मग मुलांना प्राणी देऊच नयेत का? पाच वर्षांखालच्या मुलांच्या हाती उंदीर-हॅमस्टर देऊ नयेत. अमेरिकेची सीडीसी ही सरकारी आरोग्य संस्था हे सांगते, कारण त्या वयात हात सारखा तोंडात जातो. त्यापुढच्या मुलांना जरूर द्यावेत, पण क्रम उलटा करून. प्राणी घरातल्या मोठ्या माणसाचा असेल. रोज सकाळी बाटलीची नळी बोटाने दाबून बघायची ती त्याने किंवा तिने. मुलगा हाताखाली. ज्या घरात एकाही मोठ्या माणसाला तो प्राणी मनापासून नको आहे, त्या घरात तो येऊ नये, मूल कितीही रडलं तरी. रडणं चार दिवसांचं असतं.

आणि आणण्याआधी एक साधी परीक्षा घ्यावी, मुलाची नव्हे, घराची. उन्हाळ्यात गॅलरीत चिमण्यांसाठी पाण्याचं एक भांडं ठेवा. रोज सकाळी सातला ते धुऊन भरायचं, नऊ दिवस. मुलाने विसरायचं, आणि त्याला रागे न भरता घरातल्या मोठ्या माणसाने भरायचं. मी चार घरांना हे करायला सांगितलं. तीन घरांत पाचव्या-सहाव्या दिवशी भांडं कोरडं पडलं होतं. त्या घरांनी उंदीर आणला नाही, आणि मुलांचं काही बिघडलेलं मला दिसलं नाही.

मुलाला काम द्यायचं तर मोजण्याचं द्या, हे मी ॲनिमल हाऊसमधून आणलेलं शहाणपण आहे. दर रविवारी उंदराचं वजन करायचं आणि वहीत लिहायचं. आजार दिसण्याआधी वजन उतरतं. मुलाला आकडे आवडतात, आलेख तर फारच. आणि त्याच्या प्रेमावर कुणी शंका घेत नाही, फक्त विचारतं, या आठवड्यात किती? प्रेम मुलांकडे भरपूर असतं. मोदकवर त्या मुलाचं प्रेम होतंच. झोपताना त्याला 'गुड नाइट' म्हटल्याशिवाय तो झोपत नसे. त्या प्रेमाला नळीतली अडकलेली गोळी मात्र दिसली नाही. दिसायला हवी होती ती आई-वडिलांना.

मोदक माझ्याकडेच राहिला. मुलाच्या आई-वडिलांनी तसं सुचवलं, आणि मी नाही म्हणालो नाही. जुन्या ओळखीतून त्याला एक सोबती मिळाला. मोठा आडवा पिंजरा, सपाट तळ, आतल्या खोलीत. पहिल्या दोन दिवसांत दोघांनी एकमेकांना बरंच ढकललं, तिसऱ्या दिवशी एकावर एक झोपले. मुलगा दर रविवारी दहाला येतो. त्याच्या वहीत आता ओळी आहेत: २९०, ३०४, ३२१, ३२०, ३३८. मधला ३२० दिसला तेव्हा तो खाली बसून पिंजऱ्याकडे बराच वेळ बघत राहिला, मग म्हणाला, "आजोबा, याने काल कमी खाल्लं का?" मी त्याला पेलेटचा डबा दाखवला. त्याने ते मोजले.

गेल्या रविवारी वजन झाल्यावर त्याने विचारलं, "तुमच्या कॉलेजमध्ये किती उंदीर होते?"

म्हटलं, कधी कधी दोनशे.

"मग त्यांची नावं कशी लक्षात राहायची?"

नावं नव्हती. पिक्रिक ॲसिडचा पिवळा ठिपका लावत असू. एकाला डोक्यावर, एकाला पाठीवर, एकाला शेपटीवर. एकाला काहीच नाही.

त्याने ते वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घेतलं. डोकं, पाठ, शेपटी, काहीच नाही. मग त्याने विचारलं, "आणि ते आता कुठे आहेत?"